टुगेला फेरीचा मळा राहून गेला

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या म्सिंगा पालिकेवरच्या तुमच्या लेखात तिला 'कोरडी, खडकाळ, गरीब' म्हटलंय. खोटं नाही, पण अपुरं आहे. ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेतून येणारी टुगेला नदी इथूनच वाहते, आणि टुगेला फेरी या गावी तिच्या पाटाच्या पाण्यावर जेमतेम 0.1 हेक्टरच्या वाफ्यांत टोमॅटो, कोबी, मका पिकतो. तो पिकवतात मुख्यतः झुलू बायका, कारण कर्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या जोहान्सबर्गकडे कामाला गेली. घर चालतं ते त्यांनी धाडलेल्या पैशांवर, म्हातारीच्या सरकारी पेन्शनवर आणि या वाफ्यावर.

याच गावच्या इस्पितळात 2005-06 मध्ये जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या (XDR) क्षयाचे 53 रुग्ण सापडले, त्यातले 52 गेले. जगाला गाव ठाऊक झालं ते त्यामुळे. आता निदान त्या बायकांच्या शेतीवर तरी सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.