मिस्सेवरून भांडायचंय? मग घरी कशाला जाताय

रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, संपली, फादर अजून आत कपडे बदलालेत, आणि तुम्ही लगेच गाडीला किक मारताय? थांबा की ओ. भांडायची हीच तर वेळ.

आधी बाजू ठरवा, जुनी लॅटिन मिस्सा की लोकांच्या भाषेतली नवी. जुनी घेणार असाल तर लॅटिन यायलाच पाहिजे असं काही नाही, मधेमधे "ट्रेंट" (ती जुनी परिषद) आणि "1570" (तिच्यानंतर आलेल्या मिस्सेच्या पुस्तकाचं साल) टाकायचं आणि 1969 ला पोप सहाव्या पॉलनी नवी मिस्सा आणली तिथनंच सगळं बिघडलं म्हणून सुस्कारा सोडायचा, तुमचा जन्म 1985 चा असला तरी चालतंय. नवी बाजू घेतलात तर "व्हॅटिकन परिषद" (बिशपांची ती सुधारणांची बैठक) म्हणत राहा, फक्त परिषदेनं 1963 ला उपासनेवर काढलेला दस्तऐवज चुकूनही उघडू नका, कारण त्यात लोकांच्या भाषेला जागा द्या म्हणून लिहिलंय, आणि लॅटिन टिकवा, ग्रेगोरियन गायनाला पहिला मान द्या हेपण लिहिलंय, आणि फादरांनी नव्या मिस्सेसारखं लोकांकडं तोंड करून उभं राहावं असं तर कुठंच नाही. पूर्ण वाचलं की दोघांचीही पंचाईत. अर्धं फॉरवर्ड करा.

पोपचीही सोय आहेच. 2007 ला बेनेडिक्टनी जुन्या मिस्सेला दार उघडलं, 2021 ला फ्रान्सिसनी ते बऱ्यापैकी ओढून घेतलं. पटला तो आपला पोप, नाही पटला त्याच्यासाठी "प्रार्थना करतो" म्हणायचं, जरा मोठ्यानं.

मिस्सेत आरती दिसली की "हे काय देऊळ आहे का" विचारा. त्याची परवानगी रोमनं भारताला 1969 लाच दिलीय, आणि आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरच्या विरक्त मठात जेझुइट संघाचे फादर कितीतरी वर्षं भगवं घालून राहिलेत, पण हे तुम्ही ऐकलेलंच नाही.

आता आपल्या बेळगावचं. लॅटिन होतं तोवर बरं होतं बघा, मराठी, कोकणी, कन्नड, कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळं कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. मग लोकांच्या भाषेत करा म्हणाले. कुठल्या लोकांच्या? तिकडं रोममध्ये बसून त्यांना काय माहीत, इथं दुकानाच्या पाटीवरून मोर्चे निघतात आणि सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय. त्यामुळं आपल्याकडं धर्मशास्त्र असतंय ते नोटीस बोर्डावरच्या टायमिंगमध्ये. साडेआठची मिस्सा ज्याच्या भाषेत तो सुधारणावादी, ज्याची सकाळी सहाला ढकलली त्याला पुढच्या रविवारी लॅटिनची पवित्र शांतता आठवायला लागते, आणि परत साडेआठ मिळालं की तो लगेच परिषदेच्या बाजूला. (कन्नडवाले मराठीवाल्यांना हेच म्हणतात, मी दोन्हीकडं मान हलवतो.)

एकच धोका आहे. एखादे तरुण फादर उत्साहानं म्हणतील, चला, शनिवारी संध्याकाळी लॅटिन क्रेडो, म्हणजे श्रद्धेची कबुली, शिकवतो, कोण कोण येतंय? तेव्हा पोराच्या ट्यूशनचं सांगायचं. समोरच्या पार्टीच्या पोरांचीही नेमकी तेव्हाच ट्यूशन असते.