कोर्स संपल्यानंतरचा सोमवार

बेकार माणसाला ‘रिकामा बसण्यापेक्षा एखादा कोर्स कर’ असं सांगणारे पुष्कळ. सल्ला वाईट नाही. पण त्या कोर्सने मनाचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रियातल्या मारियेनथालची कापडगिरणी बंद पडली, तेव्हा १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. दिवसभर वेळच वेळ, वाचनालयाची फीसुद्धा माफ, तरी लोक पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं नेऊ लागले. पुरुष रस्त्यातून थांबत, रेंगाळत चालायचे. याहोदाने पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर दिवसाला शिस्त देते, घराबाहेरची माणसं देते, चारचौघांत स्थान देते. २००९ साली शेकडो अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात मानसिक त्रास असणाऱ्यांचं प्रमाण नोकरदारांत १६ टक्के आणि बेरोजगारांत ३४ टक्के निघालं.

प्रशिक्षणात यातलं बरंच काही उसनं मिळतं. सकाळी आवरून निघावं लागतं. गैरहजर राहिलं तर ‘काल का नाही आलास?’ असं विचारणारं कुणीतरी असतं. माझ्या मते खरा फायदा हाच, अभ्यासक्रम नंतर.

पण उसनं ते उसनंच. सर्टिफिकेट हातात पडतं आणि पुढच्या सोमवारी कुठे जायचं नसतं. पुन्हा नकार आला की ‘माझ्याकडे कोर्स नव्हता’ ही सबबही उरत नाही, मग माणूस स्वतःलाच खायला लागतो. काही जण त्यापेक्षा दुसऱ्या कोर्सला नाव घालतात, मग तिसऱ्या. त्यात बेकारभत्ता बंद होईल या धाकाने कोर्सला बसवलं असेल तर विचारूच नका. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला अर्ज कसा लिहावा हे शिकवणं, हा सरळ अपमान आहे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘जॉब्स’ नावाचा कार्यक्रम तयार केला. अर्ध्या-अर्ध्या दिवसाची फक्त पाच सत्रं. त्यात नोकरी कशी शोधायची हे होतंच, शिवाय नकार आला तर काय करायचं याची आधीच तालीम होती. ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता, त्यांनाच फायदाही जास्त झाला.

आपल्याकडच्या प्रशिक्षणांच्या अहवालांत मात्र किती जण बसले, किती जणांची प्लेसमेंट झाली, एवढेच आकडे. महिन्याभराने एक फोन करायला काय हरकत आहे? फक्त ‘नोकरी लागली का?’ एवढं विचारू नका, ते नातेवाईक विचारतातच.