मुंबई एका दिवसात, आणि वाटेतला चौक

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर परवा रात्री आण्णानं खिशातून कागद काढला. रविवारी संध्याकाळी बेळगावातून गाडी, सोमवारी पहाटे दादर, दिवसभर मुंबई आणि रात्री परत गाडीत. लूम, म्हणजे कापडाचा माग, एकच दिवस बंद. बरोबर बायको, दोन पोरं आणि सत्तरीतली आई. कागदावर अकरा ठिकाणं होती. सुरुवात घारापुरीपासून, शेवट जुहूला.

"एवढं बघून होत नाही गा," मी म्हणालो. "टॅक्सीच्या काचेतनं बघून येशील नुसतं."

"मग दोनच ठिकाणं दाखवून पोरांना परत आणू? परत कधी जाऊलोय आम्ही?"

त्याचंही खरं होतं. लूमवाल्याला सुट्टी मिळते ती अशीच, एखाद्या दिवसाची. पण म्हणूनच तो दिवस गाडीत बसून घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

मास्तरांनी कागद हातात घेतला. "सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत चाला. अडीच-तीन किलोमीटर. तेवढ्यातच दिवस भरतो." मग ते स्टेशनावरच अडकले. स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजानं काढलेली इमारत, 1878 ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, 1893 ची. स्टेशनाच्या दगडातले मोर, माकडं, पानं-फुलं घडवायला जे. जे. कला शाळेतल्या मुलांचे हात लागले. "गाडी पकडायची म्हणून आपण आत शिरतो. एकदा रस्ता ओलांडून समोर उभं राहून वर बघा," मास्तर म्हणाले.

राजाबाई टॉवरची त्यांनी एकच गोष्ट सांगितली. ज्यानं नकाशा काढला तो स्कॉट कधी हिंदुस्थानात आलाच नाही. पैसे दिले प्रेमचंद रायचंदनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं.

इथं बसू सरसावला. बसूच्या घरी कन्नड, कट्ट्यावर मराठी. "म्युझियम सोडायचं नाही, आण्णा. त्याचा घुमट बघितलास काय? आमच्या विजापूरच्या गोलघुमटावरनं घेतलाय तो!" खरी गोष्ट आहे. जॉर्ज विटेटनं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ती इमारत बांधताना डोळ्यांसमोर 1656 चा गोलघुमट ठेवला होता. आपल्या भागातला घुमट मुंबईच्या मधोमध उभा आहे, हे बसूनं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. गेटवेही विटेटचाच.

गेटवेवर मात्र मी बोललो. पंचम जॉर्ज 1911 ला आला तेव्हा तिथं पुठ्ठ्याची नुसती प्रतिकृती होती. खरी कमान खुली झाली 4 डिसेंबर 1924 ला. आणि त्याच महिन्यात, 26 तारखेला, आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तिकडं राजाच्या स्वागताची कमान पुरी झाली आणि इकडं आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणली. पुढं 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीतून बोटीवर चढली. "पोरांना आधी आपली काँग्रेस विहीर दाखव," मी आण्णाला म्हणालो, "मग गेटवे."

पण खरा वाद पेटला तो वाटेतल्या चौकावरून. आण्णाच्या कागदावर हुतात्मा चौक नव्हताच.

"कारंजंच आहे न्हवं ते? जाता जाता दिसेल की," आण्णा म्हणाला.

मला ते लागलं. कारंजं 1864 चं आहे, देखणं आहे, जुन्या किल्ल्याचा चर्चगेट होता त्या जागी. पण शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, त्यांच्यापुढं आपण थांबायला नको? 21 नोव्हेंबर 1955 ला त्याच ठिकाणी गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या 106 हुतात्म्यांत मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे आणि महादेव बारागडी आपल्या बेळगावचे. कमळाबाई मोहिते निपाणीच्या. दर 17 जानेवारीला आपण इथं त्यांना फुलं वाहतो. ज्या राज्यासाठी ती माणसं गेली त्यात त्यांचं गाव गेलं नाही. मुंबईकर त्या चौकातून रोज घाईत जातात, त्यांना ही पाच नावं माहीत नसली तर मी समजू शकतो. बेळगावातून गेलेल्या माणसानं तरी थांबायला पाहिजे.

"पोरांना भांडण शिकवूलास काय?" बसूनं विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"भांडण नव्हे. नावं सांगायची."

बसू थोडा वेळ गप्प राहिला. "नावं सांग. माणसं आपल्याच गावची आहेत."

आण्णा कागदाकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "एवढं चालणं आईला झेपत नाही रे. आणि घारापुरी मी पोरांसाठी लिहिलं नव्हतं. आईला एकदा बोटीत बसायचंय. अजून समुद्र बघितला नाही तिनं."

आम्ही सगळेच थांबलो. अकरा ठिकाणांत त्या म्हातारीचं एकच होतं, आणि आम्ही तेच आधी खोडायला निघालो होतो.

"सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात," मास्तर म्हणाले. "आणि तिथं पायऱ्या पण शंभराच्या वर. गेटवेवरनं बंदरात चक्कर मारून आणणारी लाँच मिळते. सकाळी आधी आईंना त्यात बसवा. पाठीमागं गेटवे आणि समोर पाणी. मग टॅक्सीनं म्युझियम. आतमध्ये बसायला बाकं आहेत. आई आणि सूनबाई तिथं थांबतील, तुम्ही पोरांना घेऊन चौकापर्यंत चालत जाऊन या."

आण्णानं पेन मागितलं. जुहू खोडलं, हाजी अली खोडलं. घारापुरीवर काट मारून शेजारी 'आई – बोट' असं लिहिलं. मग कागद उलटा करून मला म्हणाला, "ती पाच नावं परत सांग. सावकाश सांग."