पाणी पिऊनही पाय का खाजतात? (प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली, आधी जरा लागलं खरं. रोज चार लिटर पाणी पितेय, महागडं लोशन लावतेय, तरी रात्री पाय खाजवून रक्त येतं, मग कोरड्या त्वचेवरच्या तुमच्या लेखाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट लिहिते.

पाणी प्या, पण तुमचं दुखणं पाणी कमी जातंय हे नाहीये, ते कातडीतून उडून जातंय हे आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो, सेरामाइड, कोलेस्टेरॉल वगैरेंचा, तो कडकडीत गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन जातो. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ५ च्या आसपास, साध्या साबणाचा ९-१०, मग रोज अंगभर घासल्यावर गिलावा भरून येणार कधी? त्यात वयानुसार तेल कमी होतं, आणि नडगीवर तेलग्रंथी मुळातच थोड्या, म्हणून खाज आधी तिथेच सुटते.

माझ्या आईच्या नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उठायची, सकाळी चादरीवर कोंड्यासारखा चुरा. तीपण क्रीम लावायची हो, पण सगळं आवरून, अंघोळीनंतर तासाभराने! आम्ही वेळ बदलली. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना, टॉवेलने घासायचं नाही नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली. जेली ओलावा देत नाही, आहे तो कोंडून धरते, म्हणून कोरड्या कातडीवर चोपडून फारसा फायदा नाही. पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन म्हणजे बरंचसं पाणीच असतं, किमतीवर जाऊ नका. आणि त्यात युरिया (कातडी मऊ करणारा घटक) असेल तर चिरलेल्या कातडीवर झोंबतं, लोशन लावल्यावर जळजळत असेल तर ते कदाचित त्यानेच.

एक मात्र माझं चुकलं. थायरॉइड कमी असणं, डायबेटिस, किडनीचा त्रास यातही त्वचा कोरडी पडते, कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही पडू शकते, हे मी लेखात लिहायलाच हवं होतं, आज त्यात घालते. तुमची खाज झोपमोड करतेय, रक्त येतंय, तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि चालू असलेल्या गोळ्या सोबत न्या, स्वतःहून बंद मात्र करू नका.

तुमच्या लोशनच्या मागे घटक काय लिहिलेत ते इथे टाकाल का? सुगंधी आहे का तेही सांगा.