बार्टल यांच्या नावावर खपवले जाणारे ‘चार स्वभाव’

बरेच दिवस फिरत असलेला एक संदेश अखेर माझ्या बहिणीपर्यंत पोहोचला. त्यातले दावे थोडक्यात असे: ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बार्टल यांनी जगातला पहिला ऑनलाइन गेम एकट्याने तयार केला, लाखो लोकांचा अभ्यास करून माणसांचे चार प्रकार शोधले, ते ओळखणारी चाचणी बनवली, जिचा निकाल ‘किलर’ येतो ती व्यक्ती मुळातच हिंसक असते, आणि प्रत्येक ऑनलाइन गेमच्या विक्रीतून बार्टल यांना आजही वाटा मिळतो. बहिणीने चौदा वर्षांच्या मुलाला ती चाचणी सोडवायला लावली, निकालात ‘किलर’ सर्वांत वर आला, आणि आता त्याला समुपदेशकाकडे न्यावे का, असे ती विचारते आहे. एका पोराच्या कपाळावर असा शिक्का बसत असेल, तर गप्प राहणे शक्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो. बार्टल यांचा मूळ लेख ‘जर्नल ऑफ मड रिसर्च’च्या पहिल्या अंकात, १९९६ साली प्रसिद्ध झाला. ‘मड’ म्हणजे अनेकांनी एकाच वेळी, केवळ मजकूर टंकून खेळायचे काल्पनिक जग. अशा जगात लोक कशासाठी येतात, एवढाच प्रश्न त्या लेखात आहे. उत्तरादाखल बार्टल यांनी दोन रेषा काढल्या: खेळाडूचा ओढा इतर खेळाडूंकडे आहे की त्या जगाकडे, आणि त्याला थेट कृती करायला आवडते की देवाणघेवाण. त्यातून चार कोपरे झाले आणि त्यांना पत्त्यांतले चार रंग मिळाले. गुण आणि खजिन्यामागे लागलेले ते चौकट (अचीव्हर), जगाचा कानाकोपरा खणून पाहणारे ते इस्पिक (एक्सप्लोरर), गप्पा आणि ओळखीपाळखींसाठी येणारे ते बदाम (सोशलायझर), आणि दुसऱ्या खेळाडूंवर कुरघोडी करणारे ते किल्वर. हे किल्वर म्हणजे संदेशातले ‘किलर’.

किल्वरांविषयी लेखात काही गोड लिहिलेले नाही, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्याची तारांबळ उडाली की त्यांना आनंद होतो, असे बार्टल स्पष्ट म्हणतात. पण हे लोक खेळाने दिलेली साधने वापरून इतरांना त्रास देतात आणि क्वचित मदतही करतात, असेही तिथेच लिहिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे चारही कोपरे एकमेकांत मिसळलेले असतात आणि खेळाडू मनःस्थितीप्रमाणे एकातून दुसऱ्यात जात राहतो, हेही बार्टल यांनी नोंदवले आहे. किल्वर वाढले की बदाम खेळ सोडून जातात, मग हा तोल कसा राखावा, हे गेम चालवणाऱ्यांना समजावे यासाठी तो लेख आहे. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याला हरवायला आवडणाऱ्या मुलाच्या घरातल्या वा शाळेतल्या वागण्याचे निदान त्यातून काढणे, ही संदेश लिहिणाऱ्याची स्वतःची भर आहे.

‘लाखो लोकांचा अभ्यास’ हा दावा तर त्या लेखाची पहिले काही परिच्छेद वाचले तरी कोसळतो. इंग्लंडमधल्या एका मडच्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात ‘लोकांना मडमधून नेमके काय हवे असते’ यावर कडाक्याचा वाद झाला. त्यात सुमारे पंधरा जण हिरिरीने बोलत होते आणि आणखी पंधराएक जण अधूनमधून भर घालत होते. बार्टल यांनी त्या वादाचे सार काढले, आणि ही संख्या त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितली आहे. एका खेळाच्या तीसेक जाणकारांचे निरीक्षण म्हणून ते मोलाचे आहे. अखिल मानवजातीचे वर्गीकरण म्हणून त्याला काहीही आधार नाही.

चाचणीही त्यांची नव्हे. त्यांचा लेख वाचून अर्विन अँड्रियासन आणि ब्रँडन डाउनी या दोघांनी नंतर ती तयार केली. तिची गुणपद्धती जरा जवळून पाहावी. चारही प्रकारांच्या टक्क्यांची बेरीज २०० होते आणि एका प्रकाराला १०० पेक्षा जास्त मिळूच शकत नाहीत. म्हणजे कोणीही निव्वळ एकाच प्रकारचा निघणे गणितानेच अशक्य आहे. भाच्याच्या निकालात किलर ६७, एक्सप्लोरर ६०, अचीव्हर ५३ आणि सोशलायझर २० असे आकडे आहेत. पहिल्या दोहोंत सात टक्क्यांचा फरक आहे आणि एवढ्यावरून मुलगा हिंसक ठरवला जातो! प्रश्नही सारे ऑनलाइन गेममध्ये काय करायला आवडेल याविषयीचेच आहेत. पुढे निक यी या संशोधकाने सुमारे ३,००० खेळाडूंची पाहणी करून २००६ मध्ये दाखवले की, खेळण्यामागच्या प्रेरणा एकमेकींना मारक नसतात. एकाच खेळाडूत त्या सुखाने एकत्र नांदतात. बार्टल यांनीही २००३ पर्यंत आपल्या मांडणीत तिसरी रेषा घालून चाराचे आठ प्रकार केले होते.

बार्टल मानसशास्त्रज्ञ नाहीत. ते संगणकशास्त्राचे अभ्यासक असून त्यांची डॉक्टरेट कृत्रिम बुद्धिमत्तेतली आहे.

‘एकट्याने’ हा शब्द मात्र अन्यायकारक आहे. संदेशातला ‘पहिला ऑनलाइन गेम’ म्हणजे पहिला मड. त्याची सुरुवात १९७८ च्या शरद ऋतूत एसेक्स विद्यापीठातल्या डीईसी-१० संगणकावर रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने केली. बार्टल त्याला येऊन मिळाले, आणि १९८० मध्ये ट्रबशॉ विद्यापीठातून बाहेर पडल्यावर सूत्रे त्यांच्याकडे आली. ‘पहिला’ हेही अर्धेच खरे आहे, कारण अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकयंत्रणेवर त्याआधीच अनेक जण मिळून खेळत होते. मात्र आजच्या मोठ्या ऑनलाइन जगांची वंशावळ मडपर्यंत जाते, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

त्या पहिल्या मडमध्ये खजिना शोधून दलदलीत टाकला की गुण मिळत, गुणांनी पायरी वाढे, आणि शेवटच्या पायरीवर खेळाडू जादूगार होऊन इतरांवर सत्ता गाजवू शके. या पायऱ्या का ठेवल्या, हे बार्टल यांनी जाहीरपणे सांगितले आहे: ब्रिटनमधल्या वर्गव्यवस्थेचा त्या दोघांना राग होता आणि कोणत्या घरात जन्मलो याला किंमत नसलेले, केवळ स्वतःच्या करणीवर वर चढता येणारे जग त्यांना उभे करायचे होते. अशा माणसाच्या नावाने ‘मुळातच हिंसक’ असे जन्मजात शिक्के वाटले जातात, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

राहिला पैशांचा मुद्दा. हाच पहिला मड कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवेवर ‘ब्रिटिश लेजंड्स’ या नावाने १९८७ ते १९९९ पर्यंत व्यावसायिक स्वरूपात चालला, एवढे खरे. पण मडच्या कल्पनेवर त्यांनी किंवा ट्रबशॉ यांनी कधी मालकी सांगितली नाही. म्हणून तर वेल्समधल्या ॲबरिस्टविथमध्ये ॲलन कॉक्स यांना १९८७ मध्ये ॲबरमड हा नवा मड लिहिता आला, १९९१ मध्ये कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांना डिकूमड काढता आला, आणि तो खेळून तयार झालेल्या मंडळींनी १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा मोठा ऑनलाइन गेम बाजारात आणला. यांपैकी कोणालाही बार्टल यांच्याकडे परवाना मागावा लागला नाही.