पाठीवरच्या पायाने हा मासा चालतो कुठे?

'डार्विनला खोटं पाडणारा मासा' हा फॉरवर्ड काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लगेच हात जोडल्याच्या चार इमोजी पडल्या. एरवी मी सोडून दिलं असतं. पण बारावीतल्या भाच्याने वेगळा मेसेज केला, "मामा, लोब-फिन्डचा अर्थ खरंच 'पाय असलेला' असा आहे का? परीक्षेत तसं लिहू?" मग गप्प बसवेना.

फॉरवर्डचा सारांश असा: १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत सीलॅकँथ नावाचा मासा जिवंत सापडला. त्याला इंग्रजीत 'लोब-फिन्ड' म्हणतात, म्हणजे चार पायांचा. तो समुद्राच्या तळावर चालतो. ४० कोटी वर्षांत तो तसूभर बदललेला नाही. शास्त्रज्ञ म्हणत होते हाच माणसाचा पूर्वज, आणि पूर्वज तर अजून जिवंत! म्हणजे उत्क्रांती ही थाप, आणि म्हणूनच ती पाठ्यपुस्तकातून काढली.

आधी ते पाय. लोब म्हणजे मांसल, गोलसर भाग. कानाच्या पाळीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. लोब-फिन्ड म्हणजे ज्याचे पर बुडाशी मांसल आहेत असा. यात पाय कुठून आले ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. फरक समजून घ्यायला दक्षिण आफ्रिकेला जायला नको, पापलेट साफ करताना बघा. पर ताणून धरला की बारीक काटे आणि त्यांच्यामधला पातळ पडदा, बस्स. आत खाण्यासारखं काही नसतं, म्हणून कोळीण तो बिनदिक्कत छाटून टाकते. पापलेट, बांगडा, सुरमई, बोंबील हे सगळे 'रे-फिन्ड', म्हणजे काट्यांवर ताणलेल्या परांचे मासे. सीलॅकँथचा पर मात्र धडातून निघालेल्या आखूड, जाड दांड्यावर बसलेला असतो. त्या दांड्यात हाडं आहेत, स्नायू आहेत आणि मुळाशी एकच हाड खांद्याला जोडलेलं आहे. आपल्या दंडातही तशीच रचना असते. एवढा पाव हिस्सा खरा, तो मी नाकारत नाही.

पण मोजायला तरी शिका! असे मांसल पर चार नाहीतच. छातीकडे दोन, पोटाखाली दोन, शेपटीच्या अलीकडे खालच्या अंगाला एक आणि पाठीवर मागच्या बाजूला एक. सहा झाले. मांसल पर म्हणजे पाय, हा नियम लावला तर काकांचा मासा पाठीवरच्या पायाने चालतो कुठे? छताला उलटा? १९८७ मध्ये हान्स फ्रिके या जर्मन संशोधकाने आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या कोमोरो बेटांजवळ छोट्या पाणबुडीतून या माशांचं चित्रण केलं. दुडक्या चालीच्या घोड्यासारखे जोडीचे पर तिरपे, आळीपाळीने हलतात हे त्यात दिसलं. पण हलतात ते पाण्यात. तळावर पाय रोवून चालताना एकही मासा दिसला नाही. उलट डोकं खाली अन् शेपूट वर करून तरंगताना मात्र दिसले.

'तसूभर बदललेला नाही' हे अर्धवट आहे. सीलॅकँथ हा एक मासा नाही, मोठं कुळ आहे. त्यात ट्रायासिक काळातला (सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा) दुभंगलेल्या शेपटीचा रेबेलॅट्रिक्स होता, कित्येक मीटर लांबीचा मॉसोनिया होता. आज जिवंत असलेल्या लॅटिमेरिया या प्रजातीचा स्वतःचा जुना जीवाश्म मिळालेलाच नाही. जुने सापळे आणि हा मासा शेजारी ठेवले की सारखेपणा दिसतो, पण म्हणून ते एकच ठरत नाहीत.

त्यातला खरा भाग २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासात सापडतो. सीलॅकँथची प्रथिनं घडवणारी जनुकं चतुष्पाद प्राण्यांपेक्षा (त्यात आपणही आलो) खरोखरच सावकाश बदललीत. सावकाश बदलली, थांबली नाहीत. आणि याच अभ्यासाने पूर्वजाचाही निकाल लावला: जमिनीवरच्या चतुष्पादांचा अधिक जवळचा नातेवाईक लंगफिश, म्हणजे फुप्फुसं असलेला मासा, सीलॅकँथ नव्हे. नातेवाईक म्हणतोय मी, पूर्वज नाही. चुलतभाऊ जिवंत असल्याने तुमचे आजोबा खोटे ठरतात का, काका?

बरं, डार्विनला याने धक्का बसला असता का? 'जिवंत जीवाश्म' हा शब्दप्रयोगच त्याचा. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या १८५९ च्या ग्रंथात प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी आणि दक्षिण अमेरिकेतला लंगफिश यांच्यासाठी त्याने तो वापरला होता. स्पर्धा कमी असलेल्या कोपऱ्यात जुनी कुळं टिकून राहतात, हे त्याचंच स्पष्टीकरण.

राहिलं पाठ्यपुस्तक. एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, हे खरं. मला ते पटलेलं नाही. पण दिलेलं कारण अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याचं होतं, कुठल्या माशाचं नव्हे. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, भाच्याला ती शिकायचीच आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा तर पहिला धडाच 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे, आणि त्यात मासे व उभयचर यांना जोडणारा दुवा म्हणून लंगफिशचं नाव छापलेलं आहे.