टेकडी चालते, पण सावकाश

वाळूच्या टेकडीसारखं सगळं सोडून द्यायला शिका, असं सांगणारा एक लेख वाचला. आवडला. पण तेवढं सांगणं काही पटलं नाही. टेकडी कुठं काय सोडते? मागच्या वर्षी जैसलमेरजवळ सम इथे पहाटे उकिडवा बसून बघत होतो. वाऱ्याकडचा उतार लांबट, चढायला सोपा. कण त्यावरून उड्या मारत वर सरकतात, बहुतेक घोट्याच्या खालीच. माथ्यावर साचतात आणि उतार साधारण 34 अंशांच्या पुढे गेला की पलीकडे घसरतात. अशी कणाकणानं अख्खी टेकडी पुढे जाते. लहान टेकडी भराभर, मोठी सावकाश. (आमच्या गावच्या पुढाऱ्यांचं नेमकं उलट!)

मी गिरणा नदीकाठचा. आमच्याकडे टेकड्या नाहीत, पण वाळू होती. उन्हाळ्यात आजी पात्रात हातानं झिरा उकरायची. आधी गढूळ पाणी यायचं, मी लोटा बुडवायला गेलो की म्हणायची, "दम धर, पानी निवयू (निवळू) दे." मग वाटीवाटीनं हंडा भरायचा. आता तिथे उघडा खडक आणि डंपरची चाकोरी. वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून गोल झालेली, म्हणून काँक्रीटला फारशी चालत नाही. नदीची कंगोरेदार, म्हणून बांधकामवाल्यांचा तिच्यावर डोळा.

समहून येताना बुटात आलेली मूठभर वाळू मी डबीत ठेवलीय. नातवाला ती आणि गिरणेची वाळू शेजारी ठेवून भिंगातून दाखवली. त्यानं विचारलं, "आजोबा, गिरणेची एवढीच उरली का?"